गोळी कोणाची आणि वेळ कोणती: क्रूझवर बोट लागल्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणाऱ्या एका कुटुंबाने दिवाळीच्या सुट्टीत मुंबई, गोवा आणि लक्षद्वीप अशा क्रूझचे आरक्षण केले होते. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे प्रकरण मांडत आहे. कुटुंबात पाच माणसे आहेत. आजोबा ७१ वर्षांचे असून त्यांना प्रोस्टेटच्या वाढीचा त्रास आहे. त्यासाठी ते रोज रात्री टॅम्सुलोसिन घेतात. आजी ६६ वर्षांच्या असून मधुमेहासाठी त्यांना मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. मुलगा ४२ वर्षांचा, सून ३८ वर्षांची आणि नात ९ वर्षांची.

सुनेचे माहेर रत्नागिरीचे. आंबा घाट उतरून साखरपा येईपर्यंत तिला हमखास दोनदा तरी गाडी थांबवावी लागते. शिवाय तिला अर्धशिशीचा जुना त्रास आहे, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना गाडी किंवा बोट लागण्याचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त असते. नातही आईच्याच वळणावर गेलेली. दोन ते बारा या वयातील मुलांना हा त्रास सर्वाधिक होतो. आजी-आजोबांना आयुष्यात कधी गाडी लागलेली नव्हती. मुलाला तर हा सगळा मनाचा खेळ वाटत असे.

तो मनाचा खेळ नव्हे, हे इथेच सांगितले पाहिजे. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारचे तोल सांभाळणारे अवयव शरीराची प्रत्येक हालचाल मेंदूला कळवत असतात. बोटीच्या खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगतात, त्याच क्षणी कान ‘आपण वरखाली होतो आहोत’ असे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन्ही कानांची ही तोल-यंत्रणा ज्यांच्यात पूर्णपणे निकामी झालेली असते, त्यांना बोट लागत नाही, हा या स्पष्टीकरणाचा सर्वात बोलका पुरावा आहे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळात बीगल जहाजावर होता आणि हा त्रास त्याला अखेरपर्यंत सोडून गेला नाही. तेव्हा इच्छाशक्ती कमी पडली म्हणून कोणाला बोट लागते, असे म्हणून घरातल्या माणसाला लाजवू नये.

प्रश्न

प्रवासाच्या आठवडाभर आधी सून आणि आजी दवाखान्यात आल्या. त्यांचा प्रश्न साधा होता: ‘‘डॉक्टर, सगळ्यांना मिळून कोणती गोळी न्यायची?’’ या प्रकरणातील पुढच्या बहुतेक गोष्टी ‘सगळ्यांना मिळून’ या अपेक्षेतून निघाल्या. पाच जणांची वये, आजार आणि चालू औषधे इतकी वेगळी होती, की कोणतीही एक गोळी पाचही जणांना सुरक्षित ठरणार नव्हती.

आणखी दोन गोष्टी आधीच ठरून गेल्या होत्या. मुलाने देखावा चांगला दिसावा म्हणून वरच्या मजल्यावरच्या, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाकडील दोन खोल्या जादा पैसे देऊन घेतल्या होत्या. जहाज लाटेवर चढते-उतरते तेव्हा सी-सॉच्या फळीसारखी त्याची टोके सर्वात जास्त हलतात आणि मध्य सर्वात कमी. मजला जितका वर, तितके आडवे झोकेही मोठे. आधुनिक जहाजांना दोन्ही बाजूंनी पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात, पण ते मुख्यतः आडवे झोके कमी करतात. टोके वरखाली होणे त्यांनी फारसे थांबत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला उतरायचे आणि त्याच दिवशी जहाजावर चढायचे, असा बेत होता. अपुरी झोप आणि नुसत्या चहावर काढलेली सकाळ हा त्रास वाढवते.

विचारात घेतलेले पर्याय

बोट लागण्यावर जी औषधे खरोखर चालतात, ती मेंदूतील तोलाच्या केंद्राशी निगडित असलेले हिस्टामिन किंवा ॲसिटिलकोलिन यांचे काम रोखतात. मेक्लिझिन, सिनारिझिन, प्रोमेथाझिन आणि हायोसिन ही त्यातील मुख्य. मेक्लिझिन (२५ ते ५० मिलिग्रॅम) साधारण तासभर आधी घेतले की दिवसभर पुरते आणि गुंगी तुलनेने कमी येते. प्रोमेथाझिन थिओक्लेट (२५ मिलिग्रॅम) आदल्या रात्री किंवा एक-दोन तास आधी घ्यायचे असते. ते जास्त प्रभावी, पण झोप आणणारे. हायोसिनची पट्टी कानामागे किमान चार तास आधी लावतात आणि ती तीन दिवस काम देते. मात्र वृद्धांमध्ये तिने गोंधळलेपणा येऊ शकतो, आणि काचबिंदूचा विशिष्ट प्रकार किंवा प्रोस्टेटची वाढ असलेल्यांनी ती टाळावी. सिनारिझिन पार्किन्सनच्या रुग्णांना देऊ नये.

मुलाने औषधाच्या दुकानातून आधीच ऑन्डान्सेट्रॉनच्या तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. पोट बिघडल्यावर किंवा केमोथेरपीनंतर होणाऱ्या उलट्यांवर हे औषध उत्तम आहे आणि त्यामुळेच ते घरोघरी असते. परंतु ज्या मार्गाने बोटीची मळमळ सुरू होते त्या मार्गावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. डोम्पेरिडोनची गोष्टही तीच, आणि सर्दीवरच्या, झोप न आणणाऱ्या अलीकडच्या गोळ्यांचीही तीच. ‘उलटी म्हणजे उलटीची गोळी’ हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे, की ते मोडायला प्रत्येक वेळी पाच मिनिटे खर्च करावी लागतात, आणि ती करावीत असे माझे ठाम मत आहे.

आजींनी आलेपाकाचा विषय काढला. आल्याबाबतचे पुरावे संमिश्र आहेत, पण सौम्य मळमळीत काहींना बरे वाटते आणि धोका जवळजवळ नाही. आजींना मधुमेह असल्यामुळे साखरेच्या वड्यांऐवजी त्यांनी मीठ-लिंबू लावून वाळवलेले आले न्यावे, असे ठरले. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे खाली दाब देणाऱ्या पट्ट्यांबाबतही पुरावे असेच संमिश्र आहेत; हव्या असतील तर घ्या, पण गोळीच्या बदल्यात नको, एवढेच सांगितले.

शेवटी प्रत्येकाचा निर्णय वेगळा झाला. सुनेचा त्रास तीव्र असल्याने तिला प्रोमेथाझिन, जहाज सुटण्याच्या दोन तास आधी. नातीला त्याचीच अर्धी गोळी, म्हणजे १२.५ मिलिग्रॅम. दोन वर्षांखालील मुलांना हे औषध मुळीच देऊ नये. नातीच्या वयाला ते चालते, पण काही मुले झोपण्याऐवजी उलट चिडचिडी आणि चंचल होतात, म्हणून आधी एकदा घरी देऊन पाहायला सांगितले. आजींना गोळी नाही. मात्र मळमळीमुळे जेवण होणार नसेल तर ग्लिमेपिराइडही घ्यायचे नाही, कारण पोट रिकामे असताना ते साखर धोकादायक रीतीने खाली आणते. आजोबांना यातले कोणतेही औषध नाही. या औषधांनी मूत्राशयाचे आकुंचन मंदावते आणि प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडकू शकते. त्यांच्यासाठी उघडा डेक, आले आणि आडवे पडणे. मुलाला काही नको होते. हे सगळे एका कागदावर लिहून दिले.

निर्णयाचा पहिला टप्पा: बंदरातील दुपार

कुटुंब दुपारी जहाजावर पोहोचले. पाच वाजता जहाज सुटणार होते, म्हणजे तीनला गोळी घ्यायची. आजींनी कागद पाहून नातीला बरोबर तीनला अर्धी गोळी दिली. सुनेने मात्र आपली पुढे ढकलली. नंतर तिने कारण सांगितले ते असे: ‘‘गोळी घेतली असती तर मी झोपूनच गेले असते, मग जहाज सुटताना काय बघणार? आणि जहाज तर जागचे हलतसुद्धा नव्हते.’’ तिचे बोलणे समजण्यासारखे आहे. बंदरातले पाणी आडोशाचे असते आणि धक्क्याला लागलेले मोठे जहाज इमारतीसारखे स्थिर वाटते. कुलाब्याच्या टोकापुढचे प्राँग्स दीपगृह मागे पडून उघडा समुद्र लागेपर्यंत काहीच जाणवत नाही. नेमका तोच वेळ औषध रक्तात उतरण्यासाठी लागतो.

त्या दिवशी आकाश निरभ्र होते आणि वारा फारसा नव्हता. पण अरबी समुद्रात दूरवर कमी दाबाचे क्षेत्र होते, आणि तिथून निघालेल्या लांब लाटा शेकडो किलोमीटर प्रवास करून किनाऱ्याकडे येत होत्या. पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने अरबी समुद्रातील वादळांच्या दोन हंगामांपैकी एक आहेत, हे दिवाळीचे आरक्षण करताना सहसा कोणी लक्षात घेत नाही. फेसाळ, आदळणाऱ्या लाटांपेक्षा अशा संथ डोलाचा त्रास अधिक होतो. मिनिटाला सुमारे बारा वेळा वरखाली होणारी हालचाल मळमळ आणण्यात सर्वात पुढे असते, असे प्रयोगांतून दिसले आहे.

निर्णयाचा दुसरा टप्पा: पहिली रात्र

साडेसातच्या सुमारास नात जांभया देऊ लागली. तिचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर गार घाम आला आणि एरवी बडबडी असलेली मुलगी गप्प झाली. जांभया, तोंडाला पाणी सुटणे आणि गप्प होणे ही उलटीच्या बरीच आधीची लक्षणे आहेत. आजींनी ती बरोबर ओळखली. त्या तिला जहाजाच्या मध्यावरील उघड्या डेकवर घेऊन गेल्या आणि किनाऱ्यावरचे दूरचे दिवे बघत बसवले. दिवे दिसेनासे झाल्यावर, म्हणजे डोळ्यांना आधार द्यायला क्षितिज उरले नाही तेव्हा, त्यांनी तिला तिथल्याच आरामखुर्चीवर डोळे मिटून सरळ झोपवले आणि डोक्याला उशी दिली, म्हणजे डोके हलणार नाही. नातीला उलटी झाली नाही.

खाली पुढच्या टोकाच्या खोलीत नेमके उलटे घडत होते. मुलगा मोबाइलवर फोटो पाठवत बसला होता. बंद खोलीत जवळच्या स्थिर वस्तूवर नजर रोखणे हे डोळे आणि कान यांच्यातील विसंगती वाढवण्याचे सर्वात सोपे साधन आहे. आठ वाजता त्याला उलटी झाली. सुनेने मळमळ सुरू झाल्यावर, साडेसातला, गोळी घेतली आणि पंधरा मिनिटांत ती उलटून पडली. बोट लागली की जठराची हालचाल मंदावते, गोळी पुढे आतड्यात सरकतच नाही, आणि जी सरकत नाही ती शोषली जात नाही. तासाभराने तिने दुसरी घेतली, तीही पडली. मग मुलाने ऑन्डान्सेट्रॉन दिले. ते तोंडात विरघळल्यामुळे वाया गेले नाही, पण मळमळ जशीच्या तशी राहिली. रात्री एक वाजेपर्यंत तिच्या पोटात पाणीही टिकत नव्हते. तेव्हा तिला जहाजाच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी ताप, जुलाब आणि पोटदुखी नाही ना, हे विचारून घेतले, कारण जहाजावर नोरोव्हायरससारखा संसर्ग पसरला तर सुरुवात अशीच दिसते. मग प्रोमेथाझिनचे स्नायूत इंजेक्शन दिले. अर्ध्या तासात उलट्या थांबल्या आणि ती झोपली.

दरम्यान नऊच्या सुमारास जेवणावरून उठताना आजोबांनाही थोडे गरगरले. टेबलावर सुनेच्या गोळ्यांचे पाकीट पडलेले होते. आजी म्हणाल्या, ‘‘अहो, ही एक घ्या, डॉक्टरांनीच दिलेली आहे.’’ आजोबांनी घेतली. त्यांना छान झोपही लागली. पहाटे दोनला लघवीसाठी उठले, तर होईना. तीनला पुन्हा उठले, पुन्हा तेच. खोलीत वातानुकूलन गार होते, ओटीपोट ताणून दुखू लागले होते, पण सुनेला नुकतेच दवाखान्यातून आणले आहे आणि सगळे दमून झोपले आहेत, म्हणून ते कोणाला उठवेनात. घरातल्या ज्येष्ठांचे हे संकोचणे मी दवाखान्यात वारंवार पाहतो. सहा वाजता आजींनी त्यांना पलंगाच्या कडेला घाम पुसत बसलेले पाहिले. जहाजाच्या डॉक्टरांनी नळी घातली तेव्हा सुमारे आठशे मिलिलिटर लघवी बाहेर आली.

निर्णयाचा तिसरा टप्पा: मुरगाव बंदर

सकाळी जहाज गोव्याच्या मुरगाव बंदराला लागले आणि मुलाने मला फोन केला. जहाजाचे डॉक्टरही त्या बोलण्यात होते. तीन मार्ग समोर होते: सगळ्यांनी उतरून घरी यावे, सगळ्यांनी पुढे जावे, किंवा काहींनी उतरावे.

आजोबांबाबत दुमत नव्हते. नळी घातलेल्या अवस्थेत, जिथून गरज पडल्यास लगेच मोठ्या रुग्णालयात पोहोचता येणार नाही अशा समुद्रातल्या टप्प्यावर जाणे योग्य नव्हते. सुनेचा प्रश्न अधिक नाजूक होता. मुलाचा कल तिला उतरवण्याकडे होता. पण मी तीन गोष्टी विचारल्या: उठून उभी राहिली तर चक्कर येते का, सकाळपासून लघवी झाली का, आणि दिलेले क्षारसंजीवनीचे पाणी पोटात टिकले का. तिन्हींची उत्तरे समाधानकारक होती, म्हणजे शरीरातील पाण्याची तूट भरून आली होती. हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र समुद्राच्या स्थितीचा आणि लाटांच्या उंचीचा अंदाज रोज प्रसिद्ध करते; त्यात पुढच्या दिवसांत डोल कमी होताना दिसत होता. शिवाय बहुतेकांना दोन-तीन दिवसांत जहाजाच्या हालचालीची सवय होते आणि सुनेचा सर्वात वाईट टप्पा मागे पडलेला होता. तिला स्वतःला पुढे जायचे होते. आजोबांनीही नातीसाठी तोच आग्रह धरला.

आजींचा भाचा बेळगावला राहतो. तो दुपारपर्यंत वास्कोला पोहोचला. आजी, आजोबा आणि तो वास्कोहून निघणाऱ्या गोवा एक्स्प्रेसने मिरजेला आले. मुलगा, सून आणि नात पुढे गेले, मात्र दोन बदल करून. जहाजावर मध्यभागी, खालच्या मजल्यावर, खिडकी असलेली एक खोली रिकामी होती. ती त्यांनी मागून घेतली. आणि रात्रीच्या इंजेक्शनला बारा तास उलटून गेल्यावर, जहाज सुटण्याच्या दीड तास आधी, सुनेने जहाजाच्या दवाखान्यातून मिळालेली मेक्लिझिनची गोळी घेतली. त्यानंतर रोज त्याच वेळी एक.

परिणाम

सुनेला पुढच्या प्रवासात एकदाही उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशी थोडी मळमळ होती. केळे, कोरडे टोस्ट आणि थोडे थोडे पाणी यांवर तिने तो दिवस काढला. लक्षद्वीपला जहाजावरून लहान होडीत उतरावे लागते. लहान होडीचा डोल वेगळा असल्याने ती घाबरली होती, पण पुढे नजर ठेवून मध्ये बसल्याने निभावले. मुलगा औषधाशिवायच दुसऱ्या दिवशी सावरला. घरी आल्यावर दोन दिवस सुनेला स्वयंपाकघरातली फरशी हलल्यासारखी वाटत होती. मेंदूने जहाजाशी जमवून घेतलेले असते, ते सुटायला एवढा वेळ लागतो. हे महिनाभर टिकले तर मात्र तज्ज्ञांना दाखवावे.

आजींनी त्या पहिल्या रात्री नातीच्या काळजीत जेमतेम दोन घास खाल्ले होते आणि ग्लिमेपिराइड न घेता त्या झोपल्या होत्या. सकाळी त्यांची साखर व्यवस्थित होती. आजोबांची नळी मिरजेत चौथ्या दिवशी काढली आणि लघवी सुरळीत झाली.

वेगळे काय करता आले असते

आजोबांचे दुखणे टाळता येण्याजोगे होते, आणि त्यासाठी लागणारी माहिती कागदावर होतीही. पण कागद पर्समध्ये आणि गोळ्या टेबलावर, अशी स्थिती असताना रात्री नऊला गरगरणाऱ्या नवऱ्याच्या हाती टेबलावरचेच येणार. आजींनी काळजीपोटी केलेल्या कृतीला दोष देणे मला पटत नाही. प्रत्येकाच्या नावाचे वेगळे पाकीट करून त्यावर ठळक अक्षरांत नाव आणि वेळ, आणि आजोबांच्या पाकिटावर ‘कोणाचीही बोटीची गोळी चालणार नाही, लघवी अडकते’ असे कारणासह लिहिले असते, तर चित्र वेगळे झाले असते. कारण लिहिणे महत्त्वाचे, कारण नुसता ‘नको’ माणसे प्रसंगी बाजूला ठेवतात.

सुनेच्या बाबतीत मूळ प्रश्न औषधाच्या ताकदीचा नव्हता. झोपेच्या भीतीने जी गोळी वेळेवर घेतलीच जात नाही, तिची ताकद कामाची नाही. नातीप्रमाणे तिनेही घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी गोळी घेऊन पाहिली असती, तर गुंगी किती येते हे तिला आधीच कळले असते आणि मेक्लिझिनची निवड सांगलीतच झाली असती. तिच्यासारख्या रुग्णांसाठी घरी चाचणी घेणे मी आता आवश्यक मानतो. गर्भवतींनी, काचबिंदू, दमा किंवा अपस्माराच्या रुग्णांनी आणि झोपेची औषधे घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यातले काहीही घेऊ नये. गोळीच्या गुंगीवर मद्य तर मुळीच नको.

खोलीची निवड ही आरक्षणाच्या वेळीच करायची गोष्ट आहे. मध्यभागाची, खालच्या मजल्याची खोली बहुधा स्वस्तही मिळते. रात्रीच्या रेल्वेने येऊन त्याच दिवशी जहाज गाठण्यापेक्षा मुंबईत एक रात्र झोपून निघणे कुटुंबातील वृद्धांच्या दृष्टीने अधिक सोयीचे. आणि जहाजावर चढल्यावर पहिल्याच तासात तिथल्या दवाखान्याची जागा पाहून, घरातल्या रुग्णांची आणि त्यांच्या औषधांची यादी तिथे देऊन यावी. आजोबांची यादी तिथे असती, तर रात्री एक वाजता सुनेला आणले तेव्हाच ‘घरात आणखी कोणी ही गोळी घेतली आहे का’ हा प्रश्न विचारला जाण्याची शक्यता होती, आणि पहाटेचे ते चार तास आजोबांना कळ सोसत काढावे लागले नसते.